कॉन्टेसा उभी करायची तर सुरुवात कुठून? रंगापासून तर नाहीच

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" शक्य तेवढे काढलेत. राहिले असतील तर सांभाळून घ्या.)

मागच्या दोन भागांनंतर मेसेजमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, घरी जुनी गाडी उभी आहे, रिस्टोअर करायची आहे, सुरुवात कुठून करू?" कोणाकडे पद्मिनी आहे, कोणाकडे अॅम्बॅसेडर, एकाकडे आजोबांची जीप आहे. आणि दोघातिघांनी विचारलंय की भारतात मसल कार मिळते का, मिळाली तर ती उभी कशी करायची.

तर आजचा भाग त्यावर. आणि हो, हा सल्ला देणारा माणूस यात एकदा चांगलाच आपटलेला आहे. तेही सांगतो.

आधी मसल कारचं बघू. अमेरिकेत मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणि तिच्या पोटात भलंमोठं व्ही-8 इंजिन. 1964 ची पॉन्टियाक जीटीओ घ्या. 6.4 लिटरचं इंजिन आणि 325 हॉर्सपॉवर. आपल्याकडे त्या काळात गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, तिथे व्ही-8 कुठून येणार? पण 1984 मध्ये हिंदुस्थान मोटर्सने एक गाडी आणली. लांब बोनट, रुंद बसकी बॉडी, ताकद मागच्या चाकांना. कॉन्टेसा. मुळात ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची सत्तरच्या दशकातली व्हिक्टर. तिची यंत्रसामग्री आपल्याकडे आणून इथे नवीन नावाने काढली. लोक तिला "देशी मसल कार" म्हणतात ते तिच्या चेहऱ्यावरून. इंजिनाचं विचाराल तर सुरुवातीच्या कॉन्टेसात अॅम्बॅसेडरचंच 1.5 लिटरचं इंजिन होतं, जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं. पैलवानाचा देह आणि आत पाचवीतला मुलगा! नंतर जपानच्या इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, सोबत पाच गिअर, आणि ताकद 88 हॉर्सपॉवरच्या आसपास गेली. तेव्हा कुठे गाडी देहाला शोभेल अशी पळायला लागली. पुढे डिझेलही आली. 2002 मध्ये उत्पादन थांबलं, आणि 2014 मध्ये हिंदुस्थान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखानाही बंद पडला.

ही शेवटची ओळ नीट लक्षात ठेवा. गाडीचा कारखाना बंद आहे. अमेरिकेत जुन्या मस्टँगची आख्खी बॉडी नव्या पत्र्यात बनवलेली विकत मिळते. आपल्याकडे कॉन्टेसाचा दरवाजा सोडा, काचेचं रबर शोधताना घाम फुटतो. त्यामुळे तिकडचे यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून आपण प्लॅन केला की तो फसतो. त्यांचा प्लॅन "खराब झालं ते काढा, नवीन लावा" असा असतो. आपला प्लॅन "आहे ते वाचवा" असाच असायला लागतो.

आमच्या शेडमधली गाडी

माझं गाव अजिंठा. लेणी नव्हे, घाटाच्या वर जे गाव आहे ते. नोकरी पुण्यात. गावी वाड्याच्या मागे पत्र्याचं शेड आहे. तिथे मक्याची पोती, फवारणीचे पंप आणि एक पांढरी 1.8 जीएल कॉन्टेसा. 1991 ची. आजोबांनी घेतली, मोठ्या काकांनी चालवली, 2009 पासून उभी. लहानपणी जळगावला लग्नाला जाताना मागच्या सीटवर आम्ही पाच भावंडं बसायचो. फर्दापूरचा घाट उतरताना काका इंजिन दुसऱ्या गिअरला ठेवायचे आणि म्हणायचे, "ब्रेकवर उतरायचं नसतं रे."

काकूंचं म्हणणं वेगळं. त्यांना त्या शेडच्या जागी खोली काढायची आहे. भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला. गेल्या वर्षी घरात बैठक झाली आणि ठरलं: येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर शेडमधून बाहेर आली तर ठेवायची, नाहीतर द्यायची. काका काही बोलले नाहीत. ते 74 वर्षांचे आहेत. त्यांचं न बोलणं मला ओळखता येतं.

माझी चूक

खरं तर हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी बोनस मिळाला आणि माझ्या अंगात आलं. गाडी उचलून ट्रकवर टाकली आणि शहरातल्या एका गॅरेजला नेली. कोणतं ते विचारू नका. मी म्हणालो, "आधी बॉडी एकदम नवी करा, इंजिनाचं नंतर बघू." डेंटिंग-पेंटिंगचे 85,000 रुपये दिले. गाडी आली तेव्हा आरसा होती आरसा! फोटो टाकले, लाइक आले, काकूंनीही दृष्ट काढली.

मग पावसाळा आला. ऑगस्टमध्ये डाव्या दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आले. शेंगदाण्याएवढे. सप्टेंबरमध्ये ते फुटले. सिल्लोडच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, फोडाच्या बाजूला हलकेच टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मी बघतच राहिलो.

"इंजिनिअर साहेब," ते म्हणाले, "ही गाडी नाही, लांबीचा पुतळा आहे."

लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे भरायला लावतात ती पुट्टी. खालचा सडका पत्रा न कापता त्यावर बोटभर लांबी चोपडली होती. गंजाचं विज्ञान सोपं आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, आणि झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो वरच्या रंगाला आतून ढकलतो आणि फोड येतो. फोड दिसला म्हणजे गंज सुरू झाला असं नाही, गंज आतून बाहेर पोचला. वरून लांबी लावली तर ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आणखी वेगाने खाल्ला जातो. म्हणजे मी 85,000 रुपये देऊन गाडी लवकर सडवली.

त्या रात्री झोप लागेना. आणि आठवलं काय, तर शाळेतल्या सहलीत ऐकलेली लेण्यांची गोष्ट.

आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना माहीत असते, बाहेरच्यांना नसते. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. भिंतीवरची चित्रं सुटत होती, पापुद्रे पडत होते, म्हणून 1920 मध्ये संस्थानाने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी. त्यांनी सुटलेले पापुद्रे पुन्हा भिंतीला धरवले. ते काम चांगलं होतं, त्याने बरीच चित्रं वाचली. पण त्यासोबत चित्रांवर शेलॅकचं वार्निश चढलं. शेलॅक म्हणजे लाखेपासून केलेलं. सुरुवातीला रंग कसे खुलून दिसले असतील! पण काळाबरोबर शेलॅक पिवळं-तपकिरी पडत गेलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते वार्निश थोडं थोडं करून काढत बसावं लागलं. कित्येक वर्षांचं काम.

मी कॉन्टेसाची तुलना पद्मपाणीशी करत नाहीये, उगाच कमेंटमध्ये मारू नका. पण त्या दोन कामांमधला फरक मला तेव्हा कळला. पापुद्रा धरवणं म्हणजे पडझड थांबवणं. वार्निश म्हणजे चमक. मी पहिलं न करता दुसरं केलं होतं.

मग पहिलं काय?

पहिलं कागद. हसू नका.

गाडीला पाना लावण्याआधी आरसी बुक शोधा. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवून बघा. कॉन्टेसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण अनेकांनी पेट्रोल परवडेना म्हणून मधल्या काळात दुसरंच डिझेल इंजिन बसवून घेतलं. ते आरटीओत नोंदवलेलं नसेल तर तुम्ही उभी करताय ती गाडी कागदावर अस्तित्वातच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करू देत नाही.

आमची आरसी आजोबांच्या नावावर होती. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. मालक वारला तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 लागतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. म्हणजे काका, माझे बाबा आणि दोन्ही आत्या. धाकटी आत्या म्हणाली, "सही देते, पण पहिली फेरी माझी." लिहून घेतलं.

दुसरं म्हणजे नोंदणी. खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म 25, गाडीची तपासणी, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांहून जुन्या कारचं नूतनीकरण शुल्क 10,000 रुपये केलं. उशीर झाला असेल तर महिन्यागणिक वेगळा आकार चढतो. आमच्या गाडीचा उशीर तर विचारूच नका. ही रक्कम बजेटमध्ये पहिल्या दिवशी धरा. दिल्लीत वयावरून गाड्यांवर जशी गदा येते तसं आपल्याकडे नाही, एवढं नशीब.

इथे बरेच जण विचारतात, "विंटेजमध्ये नोंदवू का?" नाही होणार. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडीच विंटेज. तिला नंबर प्लेटवर "व्हीए" अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कामापुरतीच. भारतातली सर्वात पहिली कॉन्टेसा 2034 मध्ये त्या वयाची होईल. आमची 2041 मध्ये. पण त्या नियमात अजून एक अट आहे: गाडीच्या चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणून आज स्वस्तात मिळतं म्हणून दुसरं इंजिन टाकण्याआधी 2041 चा विचार करा.

फोटो, पिशव्या, मार्कर

हे मी ऑफिसच्या सवयीने केलं आणि इथे मात्र बरोबर निघालं. काहीही खोलण्याआधी फोटो. वायरिंगचा, होस पाइपचा, कार्बोरेटरच्या प्रत्येक दांडीचा. प्रत्येक नटबोल्ट झिप पिशवीत, पिशवीवर मार्करने कुठला ते लिहा. "डाव्या पुढच्या दाराचं बिजागर, वरचं" इतकं स्पष्ट. नुसतं "दार" लिहिलं तर सहा महिन्यांनी तुम्हीच तुम्हाला शिव्या द्याल. रिस्टोरेशन सहा महिने थांबतंच. पैसे संपतात, लग्नं येतात, कांदा काढायला माणसं मिळत नाहीत.

आणि फोटोंची प्रत दोन ठिकाणी ठेवा. याचाही धडा आमच्या गावात आहे. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून लेण्यातल्या चित्रांच्या नकला करत होते, वर्षानुवर्षं आमच्याच गावात राहून. त्यातल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या आणि 1866 च्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याचशा लंडनमध्येच 1885 च्या आगीत गेल्या. गुगल ड्राइव्ह आणि एक पेनड्राइव्ह, दोन्ही. माझा एक फोन विहिरीत पडलाय, म्हणून सांगतोय.

गंज कसा शोधायचा

आता मुख्य. गाडी घ्यायची की नाही, वाचवायची की नाही, हे इंजिनावरून ठरत नाही. पत्र्यावरून ठरतं. कॉन्टेसाला जीपसारखी वेगळी चेसिस फ्रेम नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ आणि दाराखालच्या पट्ट्या सडल्या म्हणजे गाडीचे बूट फाटले नाहीत, पाय मोडले.

साधन काय? फ्रिजवरचं मॅग्नेट. खरंच. ते पातळ रुमालात गुंडाळा आणि बॉडीवर खालच्या अंगाने फिरवत जा. पत्रा असेल तिथे चिकटेल, जाड लांबी असेल तिथे घसरेल. आमच्या गाडीवर डाव्या बाजूला ते सलग हातभर कुठेच धरेना. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडका भद्द वाजतो. मग या जागा बघा: डिक्कीतल्या मॅटखाली स्टेपनीची खोबण, बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, कारण तिथे अॅसिड सांडतं, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, पायाखालचं कार्पेट उचलून तळ, आणि जॅक लावायच्या जागा. शेवटी एक परीक्षा. सगळे दरवाजे बंद करून एका बाजूने जॅक लावा आणि हळूहळू उचला. दाराच्या फटी बदलल्या, दार उघडायला अडकलं, तर सांगाडा वाकतोय. मग पत्र्याचं काम येईपर्यंत बाकी काही नको. आणि जॅकच्या नुसत्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधी शिरू नका, खाली पक्के स्टँड हवेतच.

आमची दुरुस्ती अशी चाललीय: लांबी आणि रंग खरवडून काढला, सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापला, आणि तेवढ्याच जाडीच्या नव्या सीआर पत्र्याचा तुकडा घडवून सीओटू वेल्डिंगने बसवला. सलग टाका मारायचा नाही. एक ठिपका इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा उष्णतेने वाकडा होतो. मग दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर. लांबी लागली तर शेवटी, नखाएवढी. सगळे पत्रे एकदम कापू नका. एक बाजू कापली की ती जोडा, मग दुसरी. एकदम कापलं तर गाडी केळ्यासारखी वळते आणि मग दारं आयुष्यभर बसत नाहीत.

इथे आपल्या जिल्ह्याचा एक फायदा सांगतो. बजाज वाळूजला आली 1985 मध्ये, आणि तिच्या मागे सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने वाळूज, चिकलठाण्यात उभे राहिले. म्हणजे लेथवाले, प्रेसवाले, रबर मोल्डिंगवाले दारातच आहेत. बाजारात न मिळणारा बुश नमुना दाखवून बनवून मिळतो. एका नगाला कोणी विचारत नाही, पण दहा-बारा कॉन्टेसावाल्यांनी मिळून ऑर्डर दिली तर लोक ऐकतात.

इंजिनाचे भाग त्या मानाने सोपे. अॅम्बॅसेडर 1800 आयएसझेडमध्येही इसुझूचं 1.8 इंजिन होतं, त्यामुळे दुकानात कॉन्टेसा न म्हणता तिचं नाव घ्या. दुकानदाराचा चेहरा लगेच बदलतो. काचा, लाइट, आतली ट्रिम मात्र कॉन्टेसाचीच लागते, आणि ती मिळेल तेव्हा घेऊन ठेवायची, गरज असो वा नसो.

चावी फिरवू नका

सगळ्यात मोठा मोह. सोळा वर्षं उभी असलेली गाडी, नवी बॅटरी आणली, आता सेल्फ मारून बघू! थांबा. सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असू शकतात. जोराने सेल्फ मारला तर रिंग तुटते, भिंतीवर चरा पडतो आणि जे काम हजारात होणार होतं ते फुल इंजिनवर जातं.

आम्ही काय केलं ते सांगतो. चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. मग क्रँक पुलीच्या नटाला गोटी पाना लावून हाताने, अगदी हलकं, पुढे-मागे. पहिल्या दिवशी हललं नाही. उस्ताद म्हणाले, "ताकद लावू नका, पुन्हा ऑइल सोडा." चौथ्या दिवशी बोटभर हललं. सहाव्या दिवशी पूर्ण फेरा. मी ओरडलो, शेजारच्या म्हशी बिथरल्या.

त्यानंतर जुनं ऑइल काढून नवीन भरलं, फिल्टर बदलला, आणि प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारला, म्हणजे कॉम्प्रेशनचा जोर नाही आणि ऑइल सगळीकडे फिरतं. मग कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजले. आकडा किती याच्याइतकंच चारही जवळपास सारखे असणं महत्त्वाचं. एकच फार खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगची शंका. आमचे तीन बरे, एक जरा मऊ. चालेल म्हणाले.

पेट्रोलची टाकी विसरा, निदान पहिल्यांदा. आतलं जुनं पेट्रोल डिंक झालेलं असतं, तळाशी गंजाचा चुरा. तो कार्बोरेटरमध्ये गेला की जेट बंद. बाहेर लहान कॅनमध्ये ताजं पेट्रोल ठेवून तिथून नळी जोडा, आणि जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा. हे सांगायलाच हवं. शेडमध्ये मक्याची पोती होती, ती आधी बाहेर काढली.

अजून एक. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. 1991 च्या रबरी नळ्या, डायफ्राम, गॅस्केट त्यासाठी बनलेले नाहीत, ते फुगतात, तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, आणि उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून नळ्या नव्या आणि इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

जूनमधल्या एका रविवारी पॉइंट घासले, नवे प्लग लावले, कार्बोरेटरमध्ये कॅनची नळी जोडली. तिसऱ्या सेल्फला खोकली. पाचव्याला लागली. सायलेन्सरमधून काळा धूर, चिमणीच्या घरट्याचा कचरा, सगळं बाहेर. आवाज ऐकून काका ओसरीवरून चपला न घालता आले. शेडच्या दारात उभे राहिले. मला वाटलं काहीतरी म्हणतील.

म्हणाले, "चोक आत ढकल आता, प्लग ओले करशील."

काकूंनी चहा तिथेच पाठवला.

आता कुठे आहोत

इंजिन चालतं. उजवी पट्टी जोडून झाली, डावीचं काम अर्धं आहे, तळाचे दोन तुकडे बाकी. ब्रेक अजिबात नाहीत. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचं काम करायचंय, आणि ते होईपर्यंत गाडी शेडच्या उंबऱ्यापर्यंतही न्यायची नाही, असं काकांनी बजावलंय. दुसऱ्या वर्षाचा आतापर्यंतचा खर्च पहिल्या रंगकामापेक्षा थोडा कमीच आहे, यातच काय ते समजा. फॉर्म 31 चं काम झालं, आरसीवर आता काकांचं नाव आहे. रंग? प्रायमरचा करडा. तसाच राहणार.

अक्षय्य तृतीयेला अडीच महिने उरलेत. मी दोन शनिवारांआड पुण्याहून रात्रीच्या बसने येतो. होईल का? उस्ताद म्हणतात होईल, पण उस्ताद सगळ्यांनाच होईल म्हणतात.

पुढचा भाग ब्रेकवर करतो, उस्तादांना माइकसमोर बसवायचा प्रयत्न आहे, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. आणि कोणाकडे कॉन्टेसाच्या पुढच्या काचेचं रबर असेल, जुनं का असेना पण न तडकलेलं, तर मेसेज करा. पैसे देतो, आणि घाटातली दुसरी फेरी तुमची. पहिली आत्याची आहे.